पहिला स्वस्त कार नॅव्हिगेटर : निवड, बसवणी आणि नाशिकच्या रस्त्यांवरची पारख

गाडीसाठी पहिला नॅव्हिगेटर घेताना बहुतेकांचे लक्ष पडद्याच्या आकाराकडे आणि किमतीकडे असते. परंतु आपण पैसे मोजतो ते खरे तर त्यातल्या नकाशासाठी आणि तो नकाशा पुढची काही वर्षे ताजा ठेवण्याच्या सोयीसाठी. उपग्रहांचे संदेश टिपणारा भाग आज स्वस्तातल्या यंत्रातही पुरेसा चांगला असतो. दोन यंत्रांमधला फरक दिसतो तो नकाशाच्या ताजेपणात, आवाजी सूचनांच्या नेमकेपणात आणि उन्हा-पावसात टिकण्याच्या ताकदीत. नाशिककरांना हा फरक लवकर जाणवतो, कारण गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे निघाली आहेत, आणि शहर सोडून पेठ, सुरगाणा, हरसूलच्या बाजूला वळले की मोबाइलचे नेटवर्क तुटू लागते.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा आहे. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपल्या अणुघड्याळाची वेळ व स्वतःचे स्थान सतत प्रसारित करतात. गाडीतले यंत्र हे संदेश फक्त ऐकते, उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून ते प्रत्येक उपग्रहापर्यंतचे अंतर काढते आणि किमान चार उपग्रह मिळाले की अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या साध्या घड्याळातली चूक या चारही गोष्टी एकत्र सोडवते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरचा फरक, त्यामुळे घड्याळाची दुरुस्ती करणारा चौथा उपग्रह आवश्यक ठरतो. मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संदेशांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. ती पद्धत बंद झाल्यावर गाडीतल्या वापराला खरी गती आली, आणि आज मोकळ्या आकाशाखाली साधे यंत्रही सहसा पाच-दहा मीटरांच्या आत स्थान दाखवते.

यातून खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की स्थान कळण्यासाठी इंटरनेट, सिमकार्ड किंवा मासिक शुल्क लागत नाही, आणि नकाशा यंत्रात साठवलेला असेल तर रस्ता शोधण्यासाठीही लागत नाही. दुसरी अशी की उपग्रह फक्त ‘आपण कोठे आहोत’ एवढेच कळू देतात. समोर रस्ता आहे की शेत, तो एकेरी आहे की दुहेरी, पूल सुरू आहे की बंद, हे सगळे यंत्र नकाशावरून ठरवते. नॅव्हिगेटर चुकला असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा स्थान बरोबर असते आणि नकाशा जुना असतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. गाडीच्या सामानाच्या दुकानात नुसते ‘जीपीएस पाहिजे’ म्हटले तर दुकानदार पुष्कळदा ट्रॅकर दाखवतो. ट्रॅकर ही गाडी कोठे आहे ते मालकाच्या फोनवर कळवणारी, सिमकार्डावर चालणारी डबी असते. तिला पडदा नसतो, ती रस्ता सांगत नाही आणि तिचे वार्षिक शुल्क भरावे लागते. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना एआयएस-१४० मानकाचे जे उपकरण बसवावे लागते, तेही याच जातीचे. आपल्याला ‘नकाशाचा नॅव्हिगेटर’ हवा आहे, हे आधीच स्पष्ट सांगावे.

फोन हाताशी असताना वेगळे यंत्र घ्यावे का

हा प्रश्न टाळून खरेदी करू नये. शहरात आणि मोठ्या महामार्गांवर, म्हणजे जिथे नेटवर्क अखंड मिळते तिथे, फोन हा स्वस्त नॅव्हिगेटरपेक्षा निश्चितपणे सरस आहे. त्याला द्वारका चौकातली कोंडी त्या क्षणी दिसते, नकाशा आपोआप ताजा होतो, आणि उपग्रहांची स्थाने इंटरनेटवरून मिळत असल्याने आपले स्थान सापडायला त्याला काही सेकंद पुरतात. स्वतंत्र यंत्राला हीच माहिती उपग्रहाकडून संथपणे उतरवून घ्यावी लागते. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील मिळायला सुमारे ३० सेकंद लागतात, तर सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटे. त्यामुळे नवे किंवा बरेच दिवस बंद असलेले यंत्र पहिल्या वेळी काही मिनिटे ‘उपग्रह शोधत आहे’ एवढेच दाखवते, आणि त्यात काहीही बिघाड नसतो.

मग स्वतंत्र यंत्राच्या बाजूने काय उरते? सर्वांत मोठा फायदा नेटवर्कशिवाय पूर्ण काम करण्याचा. फोनमध्येही एखाद्या प्रदेशाचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, पण तो आठवणीने उतरवावा लागतो, ठरावीक काळाने ताजा करावा लागतो, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी तो प्रदेश राहून गेल्याचे लक्षात येते. नॅव्हिगेटरमध्ये संपूर्ण देशाचा नकाशा कायम असतो. दुसरा फायदा असा की फोन मोकळा राहतो: लांबच्या प्रवासात फोनची बॅटरी संपत नाही, तो तापत नाही, आणि वळणाच्या ऐन क्षणी आलेल्या कॉलमुळे नकाशा झाकला जात नाही. तिसरा फायदा वयस्क चालकांना अधिक महत्त्वाचा वाटतो. या यंत्रात एकच काम असते, चिन्हे मोठी असतात, आणि एकदा शिकलेली पद्धत दर महिन्याला बदलत नाही. टॅक्सी चालवणाऱ्यांना, किंवा एकच गाडी घरातली अनेक माणसे चालवतात अशा कुटुंबांनाही गाडीसोबत राहणारे यंत्र सोयीचे पडते.

तोटेही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवेत. स्वस्त यंत्रात प्रत्यक्ष वाहतुकीची माहिती नसते. नकाशा ताजा करायला ते घरी नेऊन संगणकाला जोडावे लागते, आणि हे काम पुढे ढकलले जाते. पडदा मंद असतो आणि स्पर्शाला उशिरा प्रतिसाद देतो. आतली बॅटरी लहान असल्याने वायर लावल्याशिवाय फार वेळ चालत नाही. शिवाय अशा स्वतंत्र यंत्रांचा बाजार फोनमुळे आक्रसत गेला असून, आज घेतलेल्या यंत्राचा नकाशा चार वर्षांनी कोणी ताजा करून देईल का, ही शंका अगदी रास्त आहे.

माझा स्पष्ट सल्ला असा की आधी काही आठवडे फोनच मजबूत होल्डरमध्ये बसवून, जिल्ह्याचा नकाशा उतरवून वापरून पाहावा. होल्डर काही शे रुपयांत येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या बदलानुसार मार्ग पाहण्यासाठी, आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, असे उपकरण वापरण्यास मुभा आहे. फोन हातात धरून चालवण्याला मात्र नाही. एवढ्यावर काम भागत असेल तर वेगळ्या यंत्राची गरज नाही. ज्यांची गाडी सतत नाशिक–मुंबई–पुणे याच टापूत फिरते, त्यांना तर ती बहुधा भासणारच नाही. ज्यांना कामानिमित्त पेठ, सुरगाणा, हरसूल, जव्हार या भागांत वारंवार जावे लागते, त्यांनी मात्र पुढचे अवश्य वाचावे.

दुकानात काय तपासावे

यंत्र सुरू करून दाखवायला सांगावे आणि सर्वप्रथम भारताचा तपशीलवार नकाशा त्यात आहे का हे पाहावे. परदेशातून आणलेल्या किंवा परदेशी संकेतस्थळावरून मागवलेल्या कित्येक स्वस्त यंत्रांत तो नसतो, किंवा फक्त महामार्ग दाखवणारा असतो, आणि तपशीलवार नकाशा वेगळा विकत घेतल्यास एकूण खर्च चांगल्या यंत्राएवढा होतो.

नकाशा किती जुना आहे हे दुकानदाराच्या शब्दावर सोडण्याची गरज नाही. नाशिककरांकडे त्यासाठी समृद्धी महामार्ग हे नेमके साधन आहे. हा महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला: नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. यंत्रात इगतपुरीच्या परिसरावर नकाशा मोठा करून पाहावा. रस्ता भरवीरपाशी संपत असेल तर नकाशा २०२३ च्या सुमाराचा समजावा. महामार्ग मुळीच दिसत नसेल तर तो त्याहूनही जुना, आणि अशा यंत्रात समृद्धीवरून जाताना आपली गाडी शेतातून धावताना दिसेल. यंत्र आवडले असूनही नकाशा जुना असेल, तर मोफत अपडेट किती वर्षे मिळतील, ते वर्षातून किती वेळा येतात आणि दुकानदार पहिला अपडेट करून देईल का, हे बिलावर लिहून घ्यावे. ‘आयुष्यभर मोफत नकाशे’ या शब्दांतले आयुष्य सामान्यतः त्या मॉडेलचे असते: कंपनीने मॉडेलला आधार देणे थांबवले की ते संपते.

दुसरी परीक्षा गावांच्या नावांची. शोधपट्टीत पिंपळगाव लिहून पाहावे. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, सातपूरजवळ पिंपळगाव बहुला आहे, नाशिक रोडच्या बाजूला पिंपळगाव खांब आहे. चांगले यंत्र ही नावे तालुका आणि जिल्ह्यासह वेगवेगळी दाखवते. वणी लिहिले असता दिंडोरी तालुक्यातली वणी आणि यवतमाळ जिल्ह्यातली वणी यांत फरक करता यावा, कारण सप्तशृंगीला निघालेल्या माणसाला विदर्भाचा रस्ता दाखवणारे यंत्र मी तरी घेणार नाही. बहुतेक स्वस्त यंत्रांची कळपट्टी रोमन अक्षरांची असते आणि एकाच गावाची दोन-तीन स्पेलिंगे रूढ असतात. त्र्यंबकेश्वर, वणी, ओझर, घोटी अशी नावे वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहून पाहिली की यंत्र चुकीचे अक्षर सांभाळून घेते की नाही ते लगेच कळते.

आवाजी सूचना मराठीत असतील तर उत्तम, हिंदीत असतील तरी चालते; परंतु सूचनेत रस्त्याचे नाव उच्चारले जाते का हे अधिक महत्त्वाचे. ‘२०० मीटरवर डावीकडे वळा’ एवढे मोकळ्या रस्त्यावर पुरते, मात्र अशोक स्तंभासारख्या अनेक फाटे असलेल्या ठिकाणी नाव ऐकू आले नाही तर पडद्याकडे पाहावे लागते, आणि यंत्र घेण्याचा निम्मा हेतू तिथेच संपतो.

पडदा पाच इंचांचा पुरेसा आहे. सात इंचांचा पडदा लहान गाडीच्या काचेवर समोरचा रस्ता झाकतो. तो दुकानातल्या दिव्याखाली न पाहता बाहेर उन्हात नेऊन पाहावा. जीपीएससोबत रशियाची ग्लोनास किंवा युरोपची गॅलिलिओ यंत्रणाही चालत असेल तर तेवढे अधिक उपग्रह दिसतात आणि दाट वस्तीत त्याचा उपयोग होतो. भारताच्या नाविक यंत्रणेचे नाव खोक्यावर असेल तर चांगलेच. परंतु तिचे सुरुवातीचे उपग्रह स्वस्त यंत्रे ऐकतात त्या एल-१ लहरींवर बोलत नव्हते, ती सोय मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून सुरू झाली, म्हणून केवळ त्या नावासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही.

जुने यंत्र घेत असाल तर ते मोकळ्यावर सुरू करून त्यातली तारीख पाहावी. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे ० ते १०२३ असेच मोजतो आणि ही मोजणी एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा शून्यावर आली. ज्या यंत्रांना त्यासाठीची दुरुस्ती मिळाली नाही, ती जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख दाखवतात. अशा यंत्राचा आधार कधीच संपलेला असतो, त्यामुळे ते स्वस्तातही घेऊ नये.

बसवणी आणि वीज

काचेवर चिकटणारा होल्डर चालकाच्या थेट नजरेच्या खाली, डॅशबोर्डच्या कडेजवळ लावावा आणि एअरबॅग उघडण्याच्या मार्गात तो येणार नाही याची खात्री करावी. काच आधी कोरडी आणि तेलकटपणा काढून स्वच्छ करावी, कारण नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास असताना बंद गाडीत रबरी चकती सैल होते आणि यंत्र खाली पडते. उन्हात उभ्या गाडीत यंत्र ठेवूच नये. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करणे तिच्यासाठी हानिकारक असते, आणि बंद गाडीतले तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. यंत्र काढून घेतल्यावर काचेवरचा गोल डागही पुसावा, कारण तो डाग पाहून यंत्र गाडीतच कुठे तरी असणार हे चोराला समजते.

सोबत आलेला चार्जरच वापरणे चांगले. हलक्या दर्जाचे चार्जर आणि काही डॅशकॅम विद्युत गोंगाट निर्माण करतात. उपग्रहाचा संदेश येथे पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो, त्यामुळे एवढ्या गोंगाटानेही तो बुडतो. एखादे दिवशी उपग्रह सापडेनासे झाले तर यंत्राला दोष देण्यापूर्वी डॅशकॅमची आणि चार्जरची वायर काढून पाहावी, आणि फरक पडला तर दोन्हींमध्ये हातभर अंतर ठेवावे. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही सॉकेटमध्ये वीज सुरू राहते. आपली गाडी तशी असेल तर उतरताना वायर काढण्याची सवय लावावी, अन्यथा गाडीची बॅटरी उतरते.

काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर संदेश आत येताना आणखी दुबळा होतो. हा दोष बाहेरचा अँटेना लावूनच सुटतो.

पहिल्या दिवसाची मांडणी

गाडी घराच्या पार्किंगमध्ये न ठेवता मोकळ्या आकाशाखाली, उदाहरणार्थ हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या बाजूला, पंधरा मिनिटे उभी ठेवावी आणि यंत्राला निवांत उपग्रह शोधू द्यावेत. त्याच वेळेत भाषा, किलोमीटर हे एकक आणि भारतीय प्रमाणवेळ लावून घ्यावी.

मार्ग ठरवण्याच्या पद्धतीत ‘सर्वांत जवळचा’ हा पर्याय निवडू नये. तो काही मीटर वाचवण्यासाठी जुन्या नाशकातून, रविवार कारंज्याच्या गर्दीतून नेतो, आणि ग्रामीण भागात बैलगाडीच्या वाटेवर उतरवतो. ‘सर्वांत लवकरचा’ निवडून त्यासोबत कच्चे रस्ते टाळण्याची सूचना द्यावी. टोल टाळण्याचा पर्याय विचारपूर्वक वापरावा, कारण घोटी, पिंपळगाव बसवंत आणि शिंदे येथे टोलनाके असल्याने तो सुरू ठेवला तर मुंबई, धुळे आणि पुणे या तिन्ही दिशांना यंत्र महामार्ग सोडून भलतेच रस्ते सुचवू लागते.

वेगमर्यादेची सूचना सुरू ठेवावी. गाडीचा वेगदर्शक काटा सहसा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतो, तर उपग्रहावरून काढलेला वेग सरळ रस्त्यावर अधिक अचूक असतो. हा या यंत्राचा फारसा न बोलला जाणारा फायदा आहे. नकाशातली मर्यादा आणि रस्त्यावरची पाटी यांत फरक आढळला तर पाटीच प्रमाण मानावी.

अक्षांश-रेखांश टाकण्याची पद्धत मात्र नीट शिकून घ्यावी, कारण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांना, शेतघरांना आणि वाड्या-वस्त्यांना कोणत्याही यंत्रात पत्ता नसतो. लोक फोनवर ठिकाण पाठवतात ते दशांश अंशांत असते, उदाहरणार्थ त्र्यंबकेश्वरचा अक्षांश सुमारे १९.९३, पुष्कळ यंत्रे मात्र अंश, मिनिटे आणि सेकंद मागतात. एका अंशाची मिनिटे ६० असल्याने १९.९३ म्हणजे १९ अंश ५५.८ मिनिटे होतात. दशांशानंतरचा आकडा तसाच मिनिटांच्या जागी भरला तर यंत्र तो नाकारते, किंवा आकडा ६० पेक्षा लहान असेल तर मुकाट्याने स्वीकारून आपल्याला कित्येक किलोमीटर दूर नेते. सेटिंगमध्ये दशांश पद्धत निवडता येत असेल तर ती निवडून हा घोळच संपवावा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर असतो, त्यामुळे दशांशानंतरचे चार आकडे भरले तर चूक दहा-अकरा मीटरांपर्यंत राहते, आणि बागेच्या फाटकापर्यंत पोहोचायला तेवढे पुरेसे आहे.

परतीची मुदत संपण्यापूर्वीची पारख

यंत्र परत करता येते त्या दिवसांतच ते नाशिकच्या अवघड जागांवर फिरवून पाहावे आणि शेजारी बसलेल्या माणसाला त्याच्या चुका टिपायला सांगावे. रस्ते ओळखीचे असल्याने यंत्र कोठे चुकते हे आपल्याला लगेच कळते.

सुरुवात मुंबई-आग्रा महामार्गावरच्या उड्डाणपुलापासून करावी. मुंबई नाका आणि द्वारका यांच्यावरून जाणारा हा पूल आणि त्याच्या खालचा सर्व्हिस रोड नकाशावर जवळजवळ एकमेकांवर येतात. यंत्राची उंचीची मोजणी आडव्या मोजणीपेक्षा कच्ची असते, त्यामुळे आपण पुलावर आहोत की पुलाखाली हे स्वस्त यंत्राला खात्रीने ठरवता येत नाही. परिणामी पुलावरून जाताना ते ‘द्वारकेला उजवीकडे वळा’ असे पुण्याच्या रस्त्यासाठी सांगते आणि तोवर खाली उतरण्याची जागा मागे पडलेली असते. येथे पाहायचे ते एवढेच की पुलावर चढण्याची किंवा न चढण्याची सूचना पुरेशी आधी मिळते का. चूक झाल्यावर नवा मार्ग किती सेकंदांत निघतो तेही मोजावे. दहा-पंधरा सेकंद लागत असतील तर शहरात असे यंत्र त्रासदायक ठरते.

त्यानंतर सराफ बाजार, भद्रकाली, दहीपूल या भागात जावे. अरुंद गल्ल्यांत आकाशाची पट्टीच तेवढी दिसते आणि इमारतींवर आपटून आलेले संदेश यंत्राला फसवतात, म्हणून बाण शेजारच्या गल्लीत उडी मारतो. थोडीफार उडी सर्वच यंत्रांत दिसते. परंतु त्या उडीमुळे यंत्र दर वेळी मार्ग बदलू लागले, किंवा एकेरी मार्गावर उलट्या दिशेने जायला सांगू लागले, तर ते परत करणेच बरे.

तिसरी फेरी नेटवर्क नसलेल्या भागातली असावी. पेठच्या किंवा हरसूलच्या रस्त्याला जाऊन फोन विमानस्थितीत टाकावा आणि एखाद्या आतल्या पाड्याचा मार्ग विचारावा. हे यंत्र आपण ज्या कामासाठी घेतो ते हेच, त्यामुळे येथे ते कमी पडले तर बाकीच्या गुणांना फारसा अर्थ उरत नाही. गाव सापडते का, शेवटचे दोन-तीन किलोमीटर दाखवते का, आणि डांबरी रस्ता असताना कच्च्या वाटेवर पाठवते का, ही तीन उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.

जमल्यास समृद्धीवरच्या इगतपुरीजवळच्या बोगद्यातूनही एक फेरी मारावी. सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या त्या जुळ्या बोगद्यात ताशी १०० किलोमीटर वेगानेही जवळजवळ पाच मिनिटे एकही उपग्रह दिसत नाही. गाडीत कंपनीने बसवलेली यंत्रणा चाकांच्या फेऱ्यांवरून आणि वळणमापकावरून अंदाजे पुढे सरकत राहते. स्वस्त यंत्राला चाकांशी जोडणी नसल्याने ते थांबते किंवा शेवटचा वेग धरून बाण पुढे ढकलते. हा दोष मानू नये. बोगद्याबाहेर आल्यावर ते किती लवकर सावरते एवढेच पाहावे, आणि या महामार्गावर ठरावीक इंटरचेंजवरच उतरता येत असल्याने आपली उतरण्याची जागा बोगद्यात शिरण्यापूर्वीच पाहून ठेवावी.

यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी

साठवलेल्या नकाशावर चालणाऱ्या यंत्राला आजचा दिवस माहीत नसतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाट आणि रामकुंडाजवळची वाहने लावण्याची जागा पाण्याखाली जाते, आणि दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागले यावरून सारे नाशिक पुराचा अंदाज बांधत असते. यंत्र मात्र तोच रस्ता शांतपणे सुचवत राहते. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली, किंवा दुरुस्तीसाठी घाटाची एक बाजू बंद झाली, तरी त्याला पत्ता नसतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबक रस्त्यावर, किंवा नवरात्रात नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाण्यासाठी खासगी वाहनांवर बंधने येतात, तीही त्याच्या नकाशात नसतात. सिंहस्थाच्या पर्वकाळात तर बाहेरगावची वाहने शहराबाहेरच थांबवून पुढे बसने जावे लागते, त्यामुळे त्या दिवसांत पोलिसांनी जाहीर केलेला वाहतूक बदल हाच खरा नकाशा.

म्हणून निघण्यापूर्वी फोनवर एकदा रस्त्याची स्थिती पाहणे आणि नंतर नॅव्हिगेटरवर विसंबणे, ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. घाटात रात्री अनोळखी आडरस्ता सुचवला गेला आणि समोर वाहनांच्या चाकोऱ्या दिसत नसतील, तर गाडी थांबवून माणसाला विचारावे. घोटीपासून हरसूलपर्यंत कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारणाऱ्याला नीट रस्ता सांगतात, आणि पुढचा पूल वाहून गेला आहे ही बातमी त्यांच्याकडे यंत्रापेक्षा पुष्कळ आधी असते.

नकाशा वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळी सुट्टीच्या प्रवासाआधी, ताजा करावा. त्याआधी स्वतः साठवलेली ठिकाणे संगणकावर उतरवून ठेवावीत, कारण काही यंत्रांत अपडेट करताना ती पुसली जातात. अपडेट सुरू असताना वायर निघाली किंवा वीज गेली तर यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो, म्हणून हे काम बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवरच करावे.

‘घर’ हे ठिकाण साठवताना स्वतःच्या दाराचा पत्ता टाकू नये. जवळचा चौक किंवा पेट्रोल पंप टाकावा. गाडी फोडून यंत्र चोरणाऱ्याला मालक बाहेरगावी आहे हे त्यातल्या मार्गावरून कळू शकते, आणि घराचा पत्ताही त्याच्याच हाती लागतो. यंत्र विकताना किंवा कोणाला देताना साठवलेली ठिकाणे, प्रवासाच्या नोंदी आणि जोडलेल्या फोनमधून उतरलेले क्रमांक ‘मूळ स्थितीवर आणा’ या पर्यायाने पुसावेत, मेमरी कार्डावर नकाशा नसेल तर ते काढून घ्यावे, आणि नकाशाचा परवाना आपल्या नावावर नोंदला असेल तर तो नव्या मालकाच्या नावावर वर्ग करून द्यावा.